एलिहियोच्या हातचा चेहरा

तळ्याकाठच्या पाएते या लाकूड कोरणाऱ्यांच्या गावात मूर्तीवर नाव घालायची पद्धत नाही. संताच्या पायाशी स्वतःचं नाव कोरणाऱ्याला इथे लोक हसतील. पण ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात संतांची मिरवणूक निघाली, की गल्लीच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसं रथांकडे बघून सहज बोलून जातात. हा अंबोचा हात. ही म्हाताऱ्या तास्योची संत वेरोनिका, कान बघ किती बारीक. इथल्या कुठल्याही कोरक्याला विचारा, मग तो दिवसभर बदकं कोरत असो नाहीतर खडावा घासत असो, त्याला आयुष्यात एवढंच हवं असतं. आपण गेल्यावरही वर्षातून एकदा कुणीतरी रथाकडे बोट दाखवून आपलं नाव घ्यावं.

एलिहियो आसेदेरा हा त्या तास्योचाच मुलगा. चौसष्टाव्या वर्षापर्यंत त्याचं नाव असं कुणीही घेतलं नव्हतं.

लहानपणी बाप त्याच्या हातात पटाशी द्यायचा आणि तो पटाशीच्या टोकाने फळीवर चित्रं ओरखडत बसायचा. घोडे, बायका, समोरच्या तळ्यातल्या होड्या. “लाकडात उतर,” बाप म्हणायचा, “तू नुसता वरवर फिरतोस.” एलिहियोला वरवर फिरायलाच आवडायचं. एकोणिसाव्या वर्षी तो मनिलाला गेला आणि चित्रकथांच्या साप्ताहिकात कामाला लागला. पहिली चार वर्षं त्याने दुसऱ्यांच्या चित्रांमागची नारळाची झाडं काढली, जिने काढले, ढग काढले. मग एका बड्या चित्रकाराने दुसरीकडे नोकरी धरली आणि त्याची अर्धवट राहिलेली मालिका एलिहियोच्या टेबलावर येऊन पडली. तिचं नाव ‘विहिरीतली लेक’.

गोष्ट साधी होती. अर्मिंदा ही श्रीमंत, दोन्या म्हणजे बाईसाहेब म्हणवणारी बाई सावत्र लेकीला विहिरीत ढकलते, लेक वाचते, आणि मग दर आठवड्याला अर्मिंदा तिला नव्याने मारायला बघते. अकरा वर्षं चालली ती मालिका.

नायिकेचा चेहरा काढायचं स्वातंत्र्य एलिहियोला नव्हतं. संपादकाच्या खणात पुठ्ठ्याचे कापलेले साचे असायचे. नाक एवढं, डोळे एवढे, हनुवटी अशी. त्या वर्षी जी नटी चालत असेल तिच्या मापाचे. साचा ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची.

“आणि अर्मिंदा?” त्याने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“ती तुझी. हवी तशी काढ,” संपादक म्हणाला. “खाष्ट बाईकडे कोण निरखून बघतंय?”

बघत सगळे तिच्याकडेच होते. लांब मान, डावी भुवई जराशी चढलेली, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी अर्धवट गिळल्यासारखं, आणि लांबसडक बोटं. तो तिला नेहमी खालून उजेड द्यायचा. टेबलावरचा कंदील, हातातली मेणबत्ती, विहिरीच्या पाण्यावरून उलटा आलेला चंद्र. वाड्यावस्त्यांवरच्या दुकानांत साप्ताहिकं दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगलेली असत आणि बायका बाकावर बसून तिथल्या तिथे भाड्याने वाचत. अशी एक बाई अर्मिंदाच्या चित्रावर थुंकल्याचं त्याने स्वतः पाहिलं. दुकानदार तिच्यावर ओरडला. एलिहियोला मात्र पुढचे दोन दिवस भूक लागली नाही, इतका आनंद झाला होता. ही बाई त्याने कुणावरून उचलली नव्हती. आई नाही, शेजारीण नाही, नटी नाही. ती त्याच्या हातातूनच आली होती. या सगळ्यात त्याचं लग्नाचं मात्र राहूनच गेलं.

लेखकाचं नाव मोठ्या अक्षरांत छापलं जायचं. त्याच्याखाली एलिहियोचं बारीक टायपात, आणि जागा कमी पडली की तेच गळायचं. मूळ पानं छापखान्याकडे राहायची. एका वर्षी गोदामात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा फरशी टिपायला कामगारांनी तीच पानं अंथरली. तो पोहोचला तेव्हा अर्मिंदाच्या तोंडावर चपलांचे चिखलाचे ठसे होते.

“जाड कागद आहे, झकास टिपतो,” एका कामगाराने त्याला कौतुकाने सांगितलं.

पुढे साप्ताहिकं एकेक करून बंद पडली. एलिहियोने शाळेच्या वह्यांसाठी आंबे आणि रेडे काढले, जुलाबाच्या औषधाच्या पत्रकासाठी आतडी काढली, आणि मग आतडीही कुणी मागेना. बावन्नाव्या वर्षी एक पेटी घेऊन तो पाएतेला परतला. घरात विधवा धाकटी बहीण होती, ओरांग. ती कागदाच्या लगद्याचे घोडे रंगवून विकायची. तिने त्याला बापाच्या पटाशा दाखवल्या. गंजल्या नव्हत्या, तिने दरवर्षी तेल लावलं होतं.

“बदकं कोर,” ती म्हणाली. “बदकं खपतात.”

बारा वर्षं त्याने बदकं कोरली. पहिल्या वर्षी तर ओरांगने एक बदक उचलून खिडकीत धरलं आणि ती हसत सुटली. “कुया, अरे दादा, याचा नवरा पळून गेलाय का? किती दुःखी दिसतंय!” हळूहळू त्याची बदकं बदकांसारखी व्हायला लागली. लाकडात उतरणं त्याला उशिरा का होईना, जमलं. गावातले जाणते म्हणू लागले, की तास्योचा मुलगा बरा कोरतो. पण संत कोरायला त्याला कुणी सांगितलं नाही. संत देण्याआधी लोक हात बघतात, आणि बदकावरून हात कळत नाही.

मग एका जूनमध्ये आलिंग सालुद त्यांच्या दारात आली. इथे वयाने मोठ्या बाईला मानाने आलिंग म्हणतात आणि पुरुषाला मांग. तिच्या सासरच्या घराण्याकडे मिरवणुकीतली मारिया सालोमे होती. येशूच्या मागून जाणाऱ्या तीन मारियांपैकी एक, हातात धूपपात्र घेतलेली. शंभर वर्षांची ती मूर्ती वाळवीने आतून पोखरली होती. त्यातच सालुदची लेक हायडी डेंग्यूने मरणाच्या दारात गेली आणि परत आली. लेक म्हणजे सावत्र लेक. चार वर्षांची असताना सालुदच्या पदरात आली होती, आणि गावातल्या बायकांनी तेव्हापासून सालुदच्या प्रत्येक शिव्याशापाचा आणि प्रत्येक घासाचा हिशेब ठेवला होता. हायडी वाचली तर नवी सालोमे देईन, असा नवस सालुदने इस्पितळाच्या व्हरांड्यात बोलला होता.

“मला लाकडाचीच हवी,” ती म्हणाली. “फायबरची नको. आणि यंत्रावरची तर नकोच नको. तुमच्या वडिलांच्या हाताला गुण होता, मांग एलिहियो.”

“माझ्या हाताचं मला माहीत नाही,” एलिहियो म्हणाला.

“होईल माहीत,” ओरांग आतून ओरडली. “आधी हो म्हण!”

कपडे नेसवायच्या मूर्तीला अंग नसतं. आत लाकडी सांगाडा, वर मखमल. कोरायचं ते फक्त डोकं आणि दोन हात. तेवढ्यासाठी एलिहियोने सात महिने घेतले. बातिकुलिंग लाकडाचा पिवळसर ओंडका सालुदने कुठून तरी मिळवून दिला. तासताना त्याचा वास घरभर व्हायचा आणि ओरांग म्हणायची की चर्चमध्ये राहिल्यासारखं वाटतंय. तो खिडकीशी बसायचा. वरून दिवसाचा उजेड पडायचा. त्याने कुठलंही चित्र समोर ठेवलं नाही. त्याला वाटलं होतं, पहिल्यांदाच कुणी साचा दिलेला नाही, तर आपला हात जाईल तसं जाऊ द्यावं.

चेहरा झाला. शांत, थकलेला, काहीतरी सोसून गप्प राहिलेल्या बाईचा. ओरांगने त्यावर कातडीचा रंग चढवला, गालांवर बोटाने लाली फिरवली, आणि मान तिरकी करून बघत राहिली.

“हिला कुठेतरी पाहिलंय मी.”

“संत सगळे पाहिलेलेच वाटतात,” एलिहियो म्हणाला. त्याला ते बोलणं फार आवडलं होतं.

पाद्री पाणी शिंपडेपर्यंत नव्या मूर्तीचा चेहरा झाकलेला असतो. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या दारात फडकं निघालं, रथाचे दिवे लागले आणि सालोमे गल्लीत शिरली. एलिहियो ओरांगबरोबर खाटकाच्या दुकानासमोर उभा होता. त्याने धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. आधी वेरोनिका गेली, बापाची. मग माग्दालेना गेली. मग वळणावर सालोमे दिसली.

रथाचे दिवे पायाशी असतात, फुलांच्या आत लपवलेले. उजेड खालून वर जात होता. खिडकीपाशी जी भुवई शांत होती ती चढली होती. ओठांच्या कोपऱ्यात सावली साचली होती. लांब मान मखमलीतून ताठ वर आली होती.

मग भाजीवाली तेरे, साठीची, जोरात म्हणाली, “अगं बाई! ही तर दोन्या अर्मिंदा!”

“कोण?”

“विहिरीतली लेक! आपण नाही का वाचायचो, बाकावर बसून? तीच ही! तीच, आईशप्पथ!”

“खरंच की गं! लेकीला ढकलून आता देवाच्या मागे निघालीय!”

हशा पिकला. चाळिशी ओलांडलेली माणसं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली. तीस वर्षांनी सगळ्यांना ती आठवत होती. भुवई आठवत होती, विहीर आठवत होती. कुणीतरी म्हणालं, “काढली कुणी? मनिलाला चित्रं काढायचा तो, तास्योचा मुलगा. त्याचाच हात!”

त्याचाच हात. एलिहियोने ते शब्द ऐकले, आणि एक श्वासभर, फक्त एक श्वासभर, त्याला असं सुख झालं की डोळ्यांत पाणी आलं.

मग खाटकाची बायको म्हणाली, “सावत्र आईने सावत्र आईच बनवून घेतली. स्वतःचाच पुतळा काढवलान की सालुदने!”

यावर मघापेक्षा मोठा हशा झाला. रथामागून सालुद अनवाणी येत होती, हातात मेणबत्ती, शेजारी हायडी. तिने ते ऐकलं. चालता चालता तिने मान वर करून मूर्तीकडे पाहिलं. मग पुढे बघून चालत राहिली. मेणबत्तीचं मेण तिच्या बोटांवर ओघळत होतं आणि ती पुसत नव्हती.

मिरवणुकीनंतर मूर्तीच्या घरी जेवण असतं. त्या दिवशी सालुदकडे शेवयांची तीन मोठी भांडी अर्धी उरली.

दुसऱ्या दिवशी एलिहियो स्वतःच तिच्याकडे गेला. वाटेत त्याला चुलतभावाचा मुलगा रोवेल भेटला. रोवेलकडे कोरीवकामाचं यंत्र होतं आणि सगळ्यावर तोडगा होता.

“तियो, अहो काका, दिवे वर बांधा. खालून उजेडच नको. संपलं!”

एलिहियोने सालुदला ते सांगून पाहिलं. ती चुलीपाशी बसली होती.

“दिवे वर बांधता येतील हो,” ती म्हणाली. “लोकांच्या तोंडांना काय बांधू? आज सकाळी हायडी दुकानात गेली तर पोरं विचारत होती, विहिरीतून कधी आलीस म्हणून.”

“मला पुढच्या वर्षापर्यंत वेळ द्या. चेहरा बदलून देतो. मला कळलंच नाही, आलिंग सालुद. खरंच कळलं नाही.”

“मला माहीत आहे ते,” ती म्हणाली. “मुद्दाम केलं असतं तर मी भांडले तरी असते.”

तिने डोकं परत दिलं, हातही दिले. एलिहियोने आता काम खिडकीपासून हलवलं. टेबलावर दिवा खाली ठेवून तो प्रत्येक घाव तपासायचा. आधी त्याने भुवई उतरवली. भुवई उतरली, तर पापणी चढलेली वाटायला लागली. पापणी तासली, तर नाकपुडी आखडली. तीन आठवड्यांत लाकूड इतकं पातळ झालं, की मागून बसवलेल्या काचेच्या डोळ्याची कड कपाळाखालून दिसू लागली. ते डोकं संपलं.

दुसऱ्या ओंडक्यावर त्याने नायिकेचा चेहरा आणायचं ठरवलं. संपादकाच्या साच्याची मापं त्याला अजून पाठ होती. चेहरा अगदी मापात आला आणि बाहुलीसारखा दिसला. त्यात जीव यावा म्हणून त्याने ओठांच्या कोपऱ्यात एकच घाव घातला. दिवा खाली ठेवला. अर्मिंदा त्याच्याकडे बघत होती, नटीचं नाक लावून.

तिसऱ्या वेळी त्याने ओरांगला समोर बसवलं.

“हलू नकोस.”

“माशी बसलीय, ती तुझा बाप हाकलणार का?”

“माझा बाप तो तुझाही बापच.”

“म्हणून तर म्हणते. तो माणूस बघून कोरायचा. तू माझ्याकडे बघतच नाहीयेस, कुया. मघापासून लाकडाकडेच बघतोयस.”

तो मग तिच्याकडे बघायला लागला. बसकं नाक, रुंद जबडा, डोळ्यांखालच्या पिशव्या. एकेक गोष्ट त्याने मोजून घेतली. दोन महिने गेले. झाल्यावर ओरांगने स्वतःच दिवा खाली धरला. मग म्हणाली, “म्हातारी झालीय बिचारी.” ती अर्मिंदाबद्दल बोलतेय हे दोघांनाही कळलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, “मी अशी दिसते?”

“नाही.”

“मग का काढतोस असं?”

एलिहियोने ते डोकं उचलून फळीवर ठेवलं. आयुष्यात एकदाच त्याच्या हाताला एक चेहरा सापडला होता. हात दुसरं काही शिकायलाच तयार नव्हता. चांगलं कोरायला जावं तेवढी ती नेमकी यायची. वाईट कोरलं तर यायची नाही, पण वाईट कोरलेलं संत म्हणून कोण नेणार?

जानेवारीत सालुद आली. तीन डोकी फळीवर ओळीने ठेवली होती. तिने ती पाहिली, आणि तिसऱ्यासमोर जरा जास्त वेळ थांबली.

“फार कष्ट घेतलेत,” ती म्हणाली.

“अजून अडीच महिने आहेत.”

“नको, मांग एलिहियो.” तिने आवाज चढवला नाही. “मी रोवेलला सांगितलंय. त्याने फोनवर चार-पाच चेहरे दाखवले. त्यातला एक ठीक वाटला. गोड आहे. कुणासारखा नाहीये.”

“यंत्रावरचा?”

“हो,” ती म्हणाली आणि जमिनीकडे बघायला लागली. “मलाही नको होता.”

ओरांग आतून कॉफी घेऊन आली होती. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

“हात तुमचेच ठेवते,” सालुद घाईने म्हणाली. “हात छान आहेत. ते मी बदलणार नाही.”

ती हात घेऊन गेल्यावर ओरांग म्हणाली, “हात तरी राहिले.” एलिहियोने मान हलवली. पुढचे काही दिवस तो जरा बरा होता. जेवायचा, बदकांना रंग द्यायचा. मिरवणुकीत हाताकडे कोण बघतं हे त्याला माहीत होतं. तरी धूपपात्र धरलेला उजवा हात त्याला चांगला साधला होता. मनगटाशी एक शीर होती, ती बापालाही जमली नसती.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दुसऱ्या आठवड्यात रोवेल आला. पिशवीतून त्याने जुन्या पेपरात गुंडाळलेले दोन्ही हात काढून टेबलावर ठेवले.

“तियो, रागावू नका. नवं डोकं बसवलं आम्ही. चेहरा गोल, गुबगुबीत. त्याखाली ही लांब बोटं बघून हायडीच म्हणाली, हात अजून तिचेच आहेत.” त्याने मान खाजवली. “मी यंत्रावर नवे करून देतो म्हटलं. पण आलिंग सालुद म्हणते, लाकूड नवसाचं आहे, टाकायचं नाही. तेवढी बोटं आखूड करून द्याल का? मी केलं असतं, पण माझ्याकडून फुटेल. एवढं नाजूक कोरलंय तुम्ही.”

“कधी हवेत?”

“रविवारपर्यंत.”

ओरांग म्हणाली, “सांग त्याला, जमणार नाही म्हणून.”

“फुटेल त्याच्याकडून,” एलिहियो म्हणाला.

चार दिवस तो खिडकीशी बसला. प्रत्येक बोटाचं टोक त्याने अर्धं पेर कापलं, नखं नव्याने घातली, सांधे भरून गोल केले. मनगटावरची शीर सपाट केली. लगदा आणि सरस कालवून खाचा बुजवल्या. घाई केली नाही. त्याचा हात एकदाही चुकला नाही. ओरांगने गुलाबी रंग दिला.

रविवारी सालुद स्वतः आली. तिने एकेक हात उचलून खाली-वर करून पाहिला. त्याच्या टेबलावरचा दिवा खाली धरून पाहिला. मग बऱ्याच महिन्यांनी ती मोकळं हसली.

“आता कसे बरे दिसतात,” ती म्हणाली. “आता हे कुणाचेच वाटत नाहीत.”

“नाही वाटत,” एलिहियो म्हणाला, आणि त्याने ते हात तिला पेपरात नीट गुंडाळून दिले.